एक नंबर

सत्तर म्हणजे पूर्ण.
सत्तर म्हणजे टांकसाळीतून निघालं
आणि कुणाच्याच हाती लागलं नाही.
माझ्या दुकानात बहुतेक जण सत्तरसाठी येतात,
सुती हातमोजे घालून, श्वास आवरून,
नाण्याला फक्त कडेला धरतात,
दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसं.

आउने माटाला आली ती उघड्या हातांनी.
हॅनकॉकच्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवलेली बाई.
बुटांचा बर्फ माझ्या गालिच्यावर आपटून म्हणाली,
"मला एक हवाय. एक नंबर."

असेही असतात. थोडे असतात.
झिजलेल्यांतलं सगळ्यांत झिजलेलं शोधणारे.
त्यांचे नियम सत्तरवाल्यांपेक्षा कडक:
नाणं कुठलं ते ओळखू यायला हवं,
साल पुसट का होईना, लागायला हवं,
आणि झीज खरी हवी.
सँडपेपर लावाल तर भिंगाखाली चोरी उघडी पडते.
खिसे हवेत, गल्ले हवेत, माणसं हवीत.
त्याहून कमी झालं
की ती नुसती चकती, तिला नंबर नाही.

तिचा होता एकोणीसशे तेवीसचा डॉलर, बापाचा.
विल्हो माटाला तांब्याच्या खाणीत
चांदी घेऊन उतरायचा.
पिंजरा खाली सुटला की अंगठा खिशात.
अडतीस वर्षं, रोज दोनदा,
खाली जाताना आणि वर येताना.
वर येताना जास्त जोरात, असं आई म्हणे.
नाण्यावरच्या बाईचं नाक आधी गेलं,
मग केस, मग मान;
उरला बर्फाने बुजलेल्या रस्त्यासारखा एक उंचवटा.

मी फॉर्म भरला. विमा, टपाल, फी.
किंमत किती लिहू विचारलं, तर म्हणाली,
"तू दुकानदार, तूच घासाघीस कर."

सात आठवड्यांनी परत आला,
प्लॅस्टिकच्या डबीत बंद. वर लेबल: दोन.

"दोन?"
तिने डबी खिडकीशी धरली,
नापास मुलाचं प्रगतिपुस्तक धरावं तशी.
मी भिंग लावून पाहिलं.
मागच्या गरुडाच्या पंखावर
एक ओळ शिल्लक होती. पिसांची, एकच.
ती बघून कुणीतरी, दूरच्या अंधाऱ्या खोलीत,
दिव्याखाली नाणं जरा तिरकं करून
प्रामाणिकपणे दोन दिले होते.

"बाबांनी अजून दोन वर्षं काढायला हवी होती,"
आउने म्हणाली आणि हसली,
मग हसायची थांबली.

मी म्हटलं, दोनलाही गिऱ्हाईक आहे.
ती म्हणाली, हातोडा आहे?

डबी फोडताना मी फीचे डॉलर मोजत होतो,
ती तुकडे बाजूला सारत होती.
कोटाच्या डाव्या खिशातल्या किल्ल्या काढून
तिने उजव्या खिशात टाकल्या:
ओरखडा चालत नाही.
ओरखडा म्हणजे जखम, झीज नव्हे.
मग डावा खिसा, मग नाणं, मग अंगठा.

तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची.
ती गेल्यावर मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला,
चांदीचा आणि तिचा,
आणि पाकीट शेगडीत टाकलं.

मार्चमध्ये तिचा खुबा मोडला, घराच्या पायरीवर.
मी पेस्टी घेऊन गेलो, सलगम जास्त घातलेली.
दवाखान्याच्या झग्याला खिसा नसतो,
हे माझ्या तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.
डावा हात पांघरुणाखाली होता,
आणि पांघरूण एका जागी
अगदी बारीक हलत होतं.

नर्सला बोटाला चिमटा लावायचा होता.
म्हणाली, आजी, तो हात द्या.
आउनेने उजवा पुढे केला.
"तो कामावर आहे."